लष्करातील सिस्टर आणि डॉक्टर पोहोचेपर्यंतचा पहिला तास

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतली मुले फौजेत आहेत. सीमेवर काही घडल्याची बातमी आली की त्या घरातले कोणी ना कोणी करकंबच्या माझ्या दवाखान्यात येते आणि रक्तदाब तपासून घेता घेता हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, तिकडं बर्फात गोळी लागली तर तिथं डॉक्टर असतो का हो?" दुसरा प्रश्न बारावी झालेल्या मुलींच्या आईवडिलांचा असतो. "पोरगी मिलिटरी नर्सिंगला जायचं म्हणते. लढाईत पाठवतात का?"

वरवर हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण त्यांचे उत्तर एकाच विषयात दडलेले आहे. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी, डॉक्टर पोहोचेपर्यंत, जखमी माणसाचा जीव कोण सांभाळतो? त्या माणसाला किती शिकवलेले असते आणि स्वतःच्या जबाबदारीवर काय काय करण्याची मुभा असते? हा प्रश्न रणांगणापुरता नाही. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्या माणसाचाही प्रश्न हाच आहे. म्हणून या आठवड्यात थोडे सविस्तर लिहितो.

जखमी जवान कुठून कुठे जातो?

लष्करात उपचारांची एक साखळी असते. सर्वांत पुढे जवानाचा शेजारचा जवानच असतो. प्रत्येकाला प्रथमोपचार शिकवलेला असतो आणि जखमेवर बांधायची निर्जंतुक पट्टी त्याच्याजवळ असते. तुकडीतल्या काही लढाऊ जवानांना याहून अधिक शिक्षण देऊन 'बॅटलफिल्ड नर्सिंग असिस्टंट' म्हणून तयार केले जाते. ते बंदूकही चालवतात आणि पट्टीही बांधतात.

त्यांच्या मागे पलटणीचे मदत केंद्र असते. तिथे पलटणीचा डॉक्टर, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, आणि त्याच्या हाताखाली आर्मी मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट असतात. पलटण डोंगरात अनेक चौक्यांवर विखुरलेली असते आणि डॉक्टर एकच असतो. त्यामुळे कित्येक चौक्यांवर डॉक्टर म्हणजे तो नर्सिंग असिस्टंटच. ताप, जुलाब, हिमदंश, छातीत पाणी होणे, गोळीची जखम, सारे आधी त्याच्याच हाती येते. तो वायरलेसवरून किंवा फोनवरून डॉक्टरचा सल्ला घेतो, पण हात त्याचाच असतो.

त्याच्या मागे फील्ड हॉस्पिटल आणि शस्त्रक्रियेची सोय असलेली केंद्रे, त्यांच्या मागे बेस हॉस्पिटल आणि अखेरीस कमांड हॉस्पिटल. आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे कमांड हॉस्पिटल आणि मुंबईच्या कुलाब्यातील नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय ही या साखळीची मोठी ठिकाणे. पाय गमावलेल्या जवानांसाठी पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्र आहे.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टर या साखळीत मुख्यतः फील्ड हॉस्पिटल आणि त्यामागच्या रुग्णालयांत असतात. म्हणजे मुलींच्या पालकांना उत्तर असे की, पहिल्या खंदकात त्यांना सहसा पाठवत नाहीत. पण जिथे हेलिकॉप्टरमधून रक्ताने माखलेले जखमी उतरवले जातात, तिथे त्या नक्की असतात. १९९९ च्या कारगिल लढाईत आपले पाचशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले आणि तेराशेहून अधिक जखमी झाले. त्यांतल्या पुष्कळ जखमींना श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलात आणले गेले. अशा वेळी एका रात्रीत किती जखमी येतील याचा नेम नसतो.

शंभर वर्षांहून जुनी सेवा

युद्ध आणि शुश्रूषा यांचे नाते फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंपासून सांगितले जाते. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात त्या ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्थानातील स्कुटारीला गेल्या. तिथे त्यांना दिसले की गोळीने मरणाऱ्यांपेक्षा पटकी, हगवण आणि टायफसने मरणारे सैनिक अधिक आहेत. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आहे. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगासाठी त्यांनी फार कष्ट घेतले. १८६३ च्या त्या अहवालात असे दिसले की दर हजार सैनिकांमागे सरासरी ६९ सैनिक दर वर्षी मरतात, आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे तर आजाराने. घाणेरडे पाणी, तुंबलेली गटारे आणि दाटीवाटीच्या बराकी ही त्याची कारणे होती. त्या स्वतः हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या आकड्यांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले.

पुढे १८८८ च्या मार्च महिन्यात दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. त्यांच्या प्रमुख होत्या कॅथरीन लॉक. इथल्या लष्करी रुग्णालयांत नीट शुश्रूषेची सुरुवात ती. पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, भारतीय मुलींना तात्पुरते घेतले जाऊ लागले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी ही सेवा कायम झाली आणि हाच दिवस मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा स्थापना दिन मानतात. १९४३ च्या वटहुकमाने या परिचारिका कमिशन्ड अधिकारी झाल्या.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. लष्करातली सिस्टर ही हुद्देदार अधिकारी असते. ती लेफ्टनंट म्हणून दाखल होते, पुढे कॅप्टन, मेजर, कर्नल, ब्रिगेडियर होते, आणि सेवेच्या प्रमुख मेजर जनरल असतात. भारतीय लष्करात मेजर जनरल झालेली पहिली स्त्री ही डॉक्टर नव्हती, लढाऊ अधिकारीही नव्हती. ती परिचारिका होती. जी. ए. राम बाईंना १९७६ साली हा हुद्दा मिळाला. आपल्याकडे अजूनही "नर्सच ना?" असे म्हणणारी मंडळी भेटतात. त्यांना हे सांगावे.

'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणजे काय?

आता मुख्य विषय. साधी समजूत अशी की डॉक्टर सांगतो आणि नर्स करते. पण जिथे सांगणारा डॉक्टरच नाही तिथे काय? या अडचणीतून अमेरिकेत १९६५ साली एक नवा मार्ग निघाला. कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी अनुभवी परिचारिकांना अधिक शिक्षण देऊन रुग्ण तपासणे, निदान करणे आणि ठरावीक उपचार स्वतः सुरू करणे शिकवले. अशा परिचारिकेला 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणतात. लोरेटाबाईंनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलात परिचारिका म्हणून नोकरी केलेली होती. त्या २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या.

त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात दुसरा प्रयोग सुरू झाला. तिथे नौदलातून निवृत्त झालेल्या वैद्यकीय सहायकांना 'फिजिशियन असिस्टंट' म्हणून तयार करायला घेतले. या माणसांनी जहाजांवर आणि लढाईत डॉक्टरविना माणसे वाचवली होती, पण घरी परतल्यावर त्यांच्या अनुभवाला काहीच किंमत नव्हती. पहिल्या तुकडीत असे चारच विद्यार्थी होते. म्हणजे दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी लष्करी अनुभव होता.

नर्स प्रॅक्टिशनर मोहिमेवर काय करते? रोज सकाळी येणारे आजारी जवान तपासते. ताप, खोकला, पाठदुखी, त्वचेचे आजार, जुलाब यांवर औषध देते. कोणाला कामावर पाठवायचे, कोणाला झोपवून ठेवायचे आणि कोणाला मागे पाठवायचे हे ठरवते. लसीकरण आणि पाण्याच्या शुद्धतेवर नजर ठेवते. सैन्याचा दवाखाना बहुतांशी अशाच साध्या आजारांनी भरलेला असतो. हे साधे आजार तिने सांभाळले की सर्जन मोठ्या जखमांसाठी मोकळा राहतो. आणि एकदम अनेक जखमी आले, तर कोणाला आधी घ्यायचे याची वर्गवारी करायलाही ती तयार असते.

ही वर्गवारी ऐकायला सोपी, करायला फार कठीण. जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा थांबू शकतो, कारण त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे, ओठ पांढरे आहेत, अंगाला गार घाम आहे, नाडी बारीक आणि जलद आहे, त्याच्याकडे आधी धावायचे. आणि ज्याला काही केले तरी वाचवता येणार नाही, त्याच्यापाशी एका माणसाला धीर द्यायला बसवून पुढच्याकडे जायचे. हा निर्णय घेणाऱ्याच्या मनावर काय ओझे राहते याची कल्पना घरी बसून येत नाही. व्हिएतनाम युद्धात सुमारे ११ हजार अमेरिकी लष्करी स्त्रियांनी काम केले. त्यांत बहुसंख्य परिचारिका होत्या. परतल्यावर कित्येकींना झोप येईना, हेलिकॉप्टरचा आवाज आला की थरकाप होई. पण "तुम्ही कुठे लढलात?" म्हणून त्यांच्या दुखण्याची दखल घ्यायला बरीच वर्षे गेली. त्यांचे स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभे राहिले ते १९९३ साली. लष्करी सिस्टर सुटीवर घरी आली आणि गप्प गप्प राहू लागली, तर घरच्यांनी तिला टोचून बोलू नये. तिचे ऐकून घ्यावे आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे.

जीव कशाने जातो?

अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी २००१ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानात मेलेल्या ४,५९६ सैनिकांचा अभ्यास केला. त्यांतले सुमारे ८७ टक्के रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मेले होते. या आधीच मेलेल्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश सैनिक योग्य उपचार वेळेवर मिळते तर कदाचित वाचले असते. आणि या वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे ९१ टक्के मेले ते रक्तस्रावाने. डोक्याने नाही, हृदयाने नाही, नुसते रक्त वाहून गेल्याने.

हा आकडा मी वाचकांना पुन्हा वाचायला सांगेन. कारण रक्त थांबवायला डॉक्टर लागत नाही. हात लागतो, कापड लागते आणि डोके शांत लागते. त्या युद्धांच्या काळात प्रत्येक सैनिकाला हातापायाला आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निके, दिला गेला आणि तो एका हाताने बांधायला शिकवला गेला. त्याने कित्येक जीव वाचले.

रक्त वाहणे कमी करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाचे एक स्वस्त इंजेक्शनही आहे. आपल्या देशासह ४० देशांतील २० हजारांवर जखमींवर त्याची चाचणी होऊन निष्कर्ष आला की, जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी होतात, उशिरा दिले तर फायदा नाही. म्हणजे औषध कोणते याइतकेच ते कधी दिले याला महत्त्व आहे. आणि 'कधी' हे ठरते ते तिथे हजर असलेल्या माणसाच्या शिक्षणावर.

गोळी नव्हे, हवा विरळ

आपल्या फौजेचा एक वेगळा शत्रू आहे, तो म्हणजे उंची. नऊ-दहा हजार फुटांच्या वर एकदम गेले की काहींच्या फुप्फुसांत पाणी भरते. याला फौजेत 'हॅपो' म्हणतात. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी हजारो जवान सपाटीवरून एकदम हिमालयात न्यावे लागले आणि हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. आपल्या लष्करी डॉक्टरांनी इंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. तो आजही जगभर आधाराला घेतला जातो.

उंच चौकीवरचा नर्सिंग असिस्टंट हा आजार ओळखायला शिकलेला असतो. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, पुढे गुलाबी फेस, ओठ निळे ही त्याची लक्षणे. तो ऑक्सिजन लावतो, ठरलेली औषधे देतो, आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर येणार नसेल तर रुग्णाला हवा भरायच्या मोठ्या पिशवीत ठेवून आतला दाब वाढवतो. त्या दाबामुळे रुग्ण काही हजार फूट खाली आल्यासारखे होते. खरा उपाय मात्र एकच, खाली आणणे.

हे आपल्यालाही उपयोगी आहे. आपल्याकडून दर वर्षी माणसे अमरनाथ, केदारनाथ, लडाखला जातात. वर धाप लागली की "दम लागलाय, बसू जरा, उद्या पुढं जाऊ" म्हणतात. बसल्या जागीही धाप लागत असेल किंवा माणूस बरळू लागला असेल, तर उद्याची वाट पाहू नये. लगेच खाली उतरावे. देव समजून घेतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या देशात लष्करात आणि खेड्यात परिचारिका आणि सहायक कित्येकदा डॉक्टरचे काम करतात, पण कायद्याने त्यांना तो दर्जा पूर्वीपासून नाही. चौकीवर प्राण वाचवणारा नर्सिंग असिस्टंट निवृत्त होऊन गावी आला की त्याच्या हातात फक्त पेन्शनचे पुस्तक उरते. मग काही जण गावात सुया टोचायला लागतात. ते बेकायदा आहे आणि धोक्याचेही आहे. चौकीवर त्याच्या मागे डॉक्टरचा सल्ला होता, ठरलेली औषधे होती. गावात ते काहीच नसते. अर्धवट अधिकार आणि पूर्ण जबाबदारी ही जोडी रुग्णाला आणि उपचार करणाऱ्याला, दोघांनाही बुडवते.

यावर वाट निघू लागली आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा पदव्युत्तर अभ्यासक्रम ठरवला. प्रसूतीसाठीही 'नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ' तयार करण्याची केंद्र सरकारची योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात ठरावीक पात्रतेच्या व्यक्तींना मर्यादित औषधे देण्याच्या परवान्याची तरतूद आहे. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसूतिसेवेसाठी नवा राष्ट्रीय कायदाही झाला.

खेड्यातल्या माणसाला यातले प्रत्यक्ष दिसते ते उपकेंद्रातले 'समुदाय आरोग्य अधिकारी'. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर ही पदे आली. या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. या पदांवर आपल्या राज्यात काही ठिकाणी आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, काही ठिकाणी नर्सिंगच्या पदवीधर मुली आहेत. त्यांना सहा महिन्यांचे जादा शिक्षण दिलेले असते. रक्तदाब, मधुमेह तपासणे, ठरलेली औषधे देणे, गरज पडली की पुढे पाठवणे हे त्यांचे काम. पलटणीच्या मदत केंद्रात जे चालते त्याचेच हे नागरी रूप आहे.

आपण मात्र उपकेंद्रावरून पुढे जाऊन थेट पंढरपूर किंवा सोलापूर गाठतो. "तिथं डॉक्टर नसतो, नुसती सिस्टर असते," हे कारण. रक्तदाबाची गोळी दर महिन्याला घेण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाण्यापेक्षा गावातल्या सिस्टरकडे जावे. ती काय करू शकते आणि काय नाही हे तिला विचारावे. जे तिच्या आवाक्याबाहेर आहे ते ती स्वतःच सांगेल. चांगल्या शिकलेल्या परिचारिकेची ही पहिली खूण आहे.

मुलींनी काय करावे?

मिलिटरी नर्सिंगला जायचे असेल तर मुलीने बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन करावी. लष्कराच्या नर्सिंग महाविद्यालयांत बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात पुण्याचे ए.एफ.एम.सी. आणि मुंबईचे 'अश्विनी' ही दोन ठिकाणे. २०२२ पासून प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेचे गुण धरतात आणि त्यानंतर लष्कराची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून एकाच जागेवर भिस्त ठेवू नये. शिक्षणाचा खर्च लष्कर करते, पण त्यानंतर सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. वय, उंची आणि गुणांच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. ही सेवा स्त्रियांसाठीच आहे. मुलांनी बारावी विज्ञानानंतर फौजेतील नर्सिंग असिस्टंटच्या भरतीची चौकशी करावी. दोन्हींसाठी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माहिती विचारता येईल. एजंटाला पैसे देऊ नयेत.

पालक लग्नाचेही विचारतात. प्रवेश घेताना मुलगी अविवाहित असावी लागते, पण नोकरीत आल्यावर लग्न केले म्हणून काढून टाकण्याचा १९७७ चा नियम १९९५ मध्येच रद्द झाला. त्या जुन्या नियमाने १९८८ साली सेवेतून काढलेल्या एका लष्करी परिचारिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नियम मनमानी आणि स्त्री-पुरुष भेदाचा ठरवला आणि तिला ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. लग्नाच्या भीतीने मुलीला अडवू नये.

आपण काय शिकावे?

काही वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात एका तरुणाच्या मांडीत पत्रा घुसून धमनी तुटली. भोवती पंचवीस माणसे होती. कोणी पाणी पाजा म्हणत होते, कोणी हळद आणायला पळाले. तेवढ्यात फौजेतून निवृत्त झालेला एक नर्सिंग असिस्टंट पुढे झाला. त्याने खांद्यावरचा पंचा घडी करून जखमेवर ठेवला, त्यावर दोन्ही हातांनी सारा भार दिला आणि गाडी येईपर्यंत हात हलवला नाही. तरुण माझ्याकडे आला तेव्हा नाडी बारीक होती, पण होती. पुढे सोलापूरला शस्त्रक्रिया होऊन तो वाचला. त्या माणसाने एकही गोळी दिली नव्हती, एकही सुई टोचली नव्हती.

म्हणून हे लक्षात ठेवा :

१. रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सतत जोराने दाबा. मधूनमधून उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा.

२. जखमेत लोखंड किंवा लाकूड घुसलेले असेल तर उपसून काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

३. हळद, चहापूड, तंबाखू, माती जखमेत भरू नका.

४. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच पट्टा बांधा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नको. दीड-दोन इंच रुंद कापड घ्या. तार, सुतळी किंवा बारीक दोरी वापरू नका. कापडात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सोडू नका, आणि दोन तासांच्या आत पोहोचवा.

५. माणसाला आडवे ठेवा, अंगावर पांघरूण घाला. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागण्याचा संभव असतो.

६. १०८ ला फोन करा. आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे.

एक इशारा. साप चावला तर पट्टा बांधू नका. आपल्याकडे उसाच्या फडात साप चावला की लगेच करकचून दोरी आवळतात, त्याने हातपाय सडतो आणि विष थांबत नाही. सापाच्या वेळी चिरा देऊ नये, चोखू नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, हातपाय न हलवता फळीला सैलसर बांधून सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. रक्ताला पट्टा, सापाला नाही, एवढे मुलांकडून पाठ करून घ्यावे.

अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता सोडावी. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

माझी ग्रामपंचायतींना आणि शाळांना एक सूचना आहे. आपल्या गावात फौजेतून परतलेला नर्सिंग असिस्टंट किंवा सिस्टर असेल तर तिला किंवा त्याला सन्मानाने बोलवा. औषधे द्यायला नव्हे, शिकवायला. वर्षातून दोनदा, एकदा गळीत हंगामाच्या आधी आणि एकदा आषाढीच्या आधी, तरुण मंडळांना, ट्रॅक्टर चालकांना आणि दहावीच्या मुलांना रक्त थांबवणे, बेशुद्धाला कुशीवर वळवणे आणि साप चावल्यावर काय करावे हे दाखवून करून घ्या. तासभर पुरे होतो. खर्च चहाचा.

फौजेत पहिल्या तासाची तयारी लढाईच्या फार आधी झालेली असते. आपल्या रस्त्यांवर ती तयारी करायला कोणी वरून येणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा.